साडूंच्या गाण्यातला दुसरा आवाज

माझ्या साडूंइतका बेधडक बेसूर माणूस घोडनदीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. डिंभ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता ते गातात आणि कुठल्याही जागेची पारख आवाजावरून करतात. विहीर दिसली की वाकून तान घेणारच. मंचरला आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी पाण्याच्या टाकीत डोकं घालून गाऊन पाहिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पावणं, घरापरीस टाकी लई भारी बांधलीय." माझ्या बायकोने तो आहेर अजून विसरलेला नाही. गाताना एखादा शब्द मात्र ते हमखास विसरतात. लहानपणी मेंढरांमागे गाताना तो शब्द आई आधीच पुरवायची, त्यामुळे पाठांतराची सवयच लागली नाही म्हणे.

अशा माणसाने परदेशातल्या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेला पॉप गाणं धाडलं! उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की त्यांच्या बुडालेल्या घराच्या भिंती उघड्या पडतात. तिथे भर दुपारी, एकट्याने, एका मोबाईलवर ठेका लावून दुसऱ्यावर त्यांनी ते रेकॉर्ड केलं: 'पाण्याखाली दिवा गं कुणी लावला'.

दिवाळीच्या सुमारास स्पर्धेचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. गाणं निवडलं होतं. फक्त सोबतच्या गायिकेचं नाव आणि संमतीची सही हवी होती. कोण गायिका? मी हसत इअरफोन लावला. 'पाण्याखाली' म्हणून साडू अडखळले होते, आणि त्यांच्या आधी एका बाईने हळूच 'दिवा' म्हटलं होतं. प्रतिध्वनी मागून येतो, हा आधी आला होता. मी तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. साडू लाजून म्हणाले, "आई हाय ती." त्यांची आई वारून तर कित्येक वर्षं झाली होती.

"पुसून टाकता येतो आवाज," मी म्हणालो.

"आईला पुसू व्हय?"

शेवटी आईच्या अंगठ्यासाठी कागद आणि शाईचं पॅड घेऊन आम्ही स्कूटरवरून धरणाकाठी गेलो. घर पुन्हा पाण्याखाली गेलं होतं. साडूंनी ओळ सुरू केली आणि मुद्दाम थांबले. पाणी नुसतं सपाट पडून राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी पॅड मिटलं. "धरणाच्या टायमाला तिनं येकदा कागदावर अंगठा दिला व्हता. घर गेलं. आता मी परत कागुद घिऊन आलोय. कशी बोलंल ती?" कागद घडी होऊन खिशात गेला आणि त्याबरोबर स्पर्धाही. मला त्यांची फार माया आली.

परतताना स्कूटर चालवता चालवता ते तेच गाणं म्हणू लागले आणि सवयीप्रमाणे अडखळले. माझ्या मानेमागून कुणीतरी हळूच तो शब्द सांगितला. साडूंनी ओळ पुरी केली आणि मान न वळवता म्हणाले, "पावणं, जरा पुढं सरका. आईला जागा व्हऊ द्या."

मी सरकलो. घर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.