स्वच्छ सुईच्या माश्या

मंठ्याच्या महाविद्यालयात राजानंद सर प्राणिशास्त्र शिकवत. तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाला विद्यार्थी 'सर' म्हणतात, संस्था मात्र काहीच म्हणत नाही. तपासणी समिती यायची असली की शेजारच्या महाविद्यालयातून सूक्ष्मदर्शक उसने आणून मांडायचे आणि समितीची पाठ फिरताच परत पोचवायचे, हे कामही त्यांच्याच गळ्यात. तक्रारअर्ज त्यांनी पुष्कळ केले; उत्तर एकाचेही आले नाही.

त्यांची म्हणावी अशी एकच गोष्ट तिथे होती. जिन्याखालच्या खोलीत काचेच्या बाटल्यांतून, रवा-गुळाच्या घट्ट लापशीवर, त्यांनी फळमाश्या वाढवल्या होत्या. पिकल्या केळांवर घोंघावणारी तीच ती चिलटे. लिपिक हरिओम दारातून डोकावून म्हणे, "सर, दुनिया चिलटं हाकलती अन् तुम्ही त्यायचं बाळंतपण करून राह्यले!"

"लसीवाचून जगतात त्या. तुझ्यासारख्या सर्दी झाली म्हणून रजा टाकत नाहीत."

यंदा शेवटच्या वर्षाच्या प्रीतीने माश्यांवरच प्रकल्प घेतला होता. एकदा भेटलेला रोग ओळखून ठेवणारी प्रतिपिंडे माशीकडे नसतात. तरीही जंतू आत शिरला की तिच्या रक्तातल्या पेशी त्याला गिळतात, जखमेवर काळी खपली धरते आणि पोटातली चरबी जंतुनाशक द्रव्ये सोडू लागते. हे दाखवण्यासाठी काही माश्यांना जंतूंत बुडवलेली सुई टोचायची, काहींना स्वच्छ. स्वच्छ सुईच्या माश्या जवळपास सगळ्या जगायला हव्यात. सारी तुलना त्यांच्यावरच उभी असते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नेमक्या स्वच्छ सुईच्या बाटलीत तळाशी मेलेल्या माश्यांचा थर दिसला. प्रकल्प बाद झाला तर प्रीतीचे वर्ष बुडणार होते.

"कशी टोचलीस, ते मला पुन्हा करून दाखव," सर म्हणाले.

प्रीतीने बर्फावर गारठवलेली माशी भिंगाखाली ठेवली. सुई स्पिरिटने पुसली, सुकू दिली आणि सहज केसांतून एकदा फिरवून खाली आणली.

"थांब! हे काय केलंस?"

"काय, सर?"

"सुई डोक्यातून फिरवलीस."

प्रीतीने सुई खाली ठेवली. "अगं बाई! वाकळ शिवताना आम्ही असंच करतो, सर. तेलानं सुई बराबर सरकती. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

म्हणजे स्वच्छ म्हणवलेली सुई डोक्यावरचे तेल आणि जंतू घेऊन माशीच्या अंगात शिरली होती. पुन्हा प्रयोग करायला आता वेळ नव्हता.

"मंग काय बिघडलं?" दारातून हरिओम म्हणाला. "मेलेल्या जित्या लिहा. परीक्षक काय माशीची नाडी बघणार हाय?"

सरांनी बाटली उजेडात धरली. या इमारतीतला कोणता कागद खरा होता? इतक्या खोट्यांत आणखी एक खपून जाईल, आणि पोरीचे वर्ष वाचेल.

"तसंच लिही," ते अखेर म्हणाले.

"न्हाई, सर. मंग ह्या माश्या उगंच मेल्या."

"वर्ष जाईल, प्रीती."

"जाऊ द्या. पण मला ते लिहवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी परीक्षक अर्पिता मॅडमनी अहवाल वाचून भुवया उंचावल्या. "नियंत्रण गटात, म्हणजे स्वच्छ सुईच्या माश्यांत, इतक्या मेल्या?"

प्रीतीने सुईची हकीकत जशी घडली तशी सांगितली. सर खिडकीबाहेर पाहत उभे होते.

"मग या बाटलीतल्या उरलेल्या कशा वाचल्या?"

प्रीतीने एक जिवंत माशी भिंगाखाली धरली. "हा काळा ठिपका बघा, मॅडम. खपली धरली हाय. माझ्या सुईचे जंतू हिच्याही अंगात गेल्ते, पण हिनं ते आवरले. त्या मेलेल्यांना न्हाई आवरले."

मॅडमनी बराच वेळ भिंगातून पाहिले. "तुलना फसली. तुलनेचे गुण मिळणार नाहीत."

"हो, मॅडम."

"बाकीचे देते. पास आहेस."

"थोडे जास्ती दिले असते तर काय झालं असतं!" मॅडम बाहेर पडताच प्रीती पुटपुटली आणि अहवाल सरांपुढे ठेवला. खाली मार्गदर्शकाची सही लागत होती. अशा सह्या त्यांनी आजवर न वाचताच ठोकल्या होत्या. आज त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

"सर, जल्दी करा ना, आमच्या गावची जीप निघून राह्यली."

"दुसरी मिळेल," ते म्हणाले आणि पान उलटले.