मेजावरचा लाल डाग

डाग दिसला की मावशीच्या हातांना कंड सुटायची. स्टुडिओच्या धुलाईखान्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. राजे, दरोडेखोर, नवऱ्या, सगळ्यांचे कपडे तिच्याच इस्त्रीखालून गेलेले. कामाला वाघीण, पण खोड एकच: काही करण्याआधी कुणाला विचारायची म्हणून पद्धत नाही.

त्या वर्षी एका गर्भश्रीमंत जुन्या घराण्यावरच्या सिनेमाचं चित्रण चालू होतं. अहाहा, काय तो थाट! झुंबरं काय, मखमली पडदे काय! आणि माणसं? एकेक नग! बाप भावाचा वाटा गिळून बसलेला, थोरला मुलगा बापाच्या मरणावर टपलेला. "वरून कीर्तन, आतून तमाशा," मावशी म्हणायची, पण सेटवर डोकावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

एके दिवशी चित्रणात थोरल्याने बापावर लाल सरबताचा पेला भिरकावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली, तर जेवणाच्या मेजावरच्या लेसच्या चादरीवर हा एवढा डाग! लिंबू, मीठ, कढत पाणी घेऊन ती दोन तास झुंजली आणि चादर दुधासारखी पांढरी करून मेजावर अंथरली.

दिग्दर्शक बाई आल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"मावशी, हे काय केलंत! दुसऱ्या दिवशीही हे लोक त्याच डागाशेजारी बसून खातात. कुणालाच त्याची लाज नाही, तेच तर दाखवायचंय मला!"

लेस हाताने विणलेली, दुसरी चादर नाही. बापाचं काम करणारे नट दुपारच्या विमानाने परदेशी निघालेले. सगळे मावशीकडे बघू लागले. नोकरी तर गेलीच, पण सिनेमाही बुडवला आपण, या विचाराने तिला रडू फुटलं. मग तिने पदराने नाक पुसलं.

"तासभर द्या. काढलाय मी, लावेनही मीच."

कालचं सरबत सुरईत उरलं होतं. मावशीने चमच्याने ते ओतलं, अंगठ्याने पसरवलं, कडेकडेने इस्त्री फिरवून काठ गडद केला. दोन तास घासलेला डाग! त्याचा कानाकोपरा तिच्या बोटांना पाठ होता.

शॉटचे फोटो सांभाळणारी सहायिका पुढे आली. "चुकलं, मावशी. बापाच्या खुर्चीकडे गेलेला हा ओघळ फोटोत नाहीच."

"तुझा फोटो आधीचा गं बाई! नंतर थोरल्याने उठताना मेजाला धक्का दिला, तेव्हा हा ओघळला. बघ तरी!"

कालचं चित्रण लावलं. सगळे श्वास रोखून पडद्याला चिकटले. थोरला उठला, मेज हललं, आणि लाल ओघळ सरळ बापाच्या खुर्चीकडे धावला! एकच जल्लोष झाला. बाईंनी मावशीला मिठीच मारली.

शॉट एका दमात झाला. बाप त्या डागाशेजारी बसून निवांत खात राहिला, आणि बघताना मावशीच्या अंगावर काटा आला.

"चला, आवरा!" व्यवस्थापक ओरडला. "चादर धुलाईला टाका रे."

मावशी धावत गेली आणि दोन्ही हात पसरून मेजावर पालथी पडली.

"खबरदार कुणी धुवाल तर!"