तुराट्यांची मोळी

आमचं एकत्र घर ज्या सकाळी फुटलं, त्या सकाळी बाबा आम्हाला एकीचं महत्त्व समजावून सांगत होते.

निमित्त माझ्या मधल्या भावाचं, नानाभाऊचं. सीताबर्डीवरचं त्याचं कापडाचं दुकान बरं चालायला लागलं होतं. शनिवारी जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, मी रामदासपेठेत खोल्या पाहून राहिलो. वेगळा निघतो."

बाबांचा घास हातातच राहिला. आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर 'एकी हेच बळ' लिहिलेला माणूस तो! आम्ही तिघे भाऊ, तिघांच्या बायका, पोरं आणि बाबा, असे चौदा जण एका चुलीवर जेवत होतो. मला ते फार आवडायचं. (का आवडायचं, ते कळेलच.)

बाबांनी मला बाजूला घेतलं. "उद्या बाजारातून बोटाएवढ्या बांबूच्या दहा काड्या आण. या पोट्ट्याले दाखवतो मी."

रविवारी सकाळी सायकल पंक्चर निघाली, आणि मे महिन्याचं नागपुरी ऊन आठ वाजताच टाळू शेकत होतं. परसात तुराट्यांचा ढीग होता. तुरीचं पीक निघालं की मागे राहतात त्या वाळक्या काड्या, आमच्याकडे गावाहून गाडीभर जळण म्हणून यायच्या. काडी ती काडी, असा विचार करून मी दहा उचलल्या आणि सुतळीनं आवळून बांधल्या.

ओसरीवर सगळे जमले. बाबांनी सुरुवात केली. "ही गोष्ट आपल्या घरची हाये. आपला पंजोबा कन्हानच्या काठी शेती करे. त्याचे चार पोरं भांडत, तं त्यानं त्याहिले मोळी मोडाले सांगितली." (हीच गोष्ट मी तिसरीच्या पुस्तकात चित्रासकट वाचली होती. आमचे पणजोबा बरेच फिरलेले असावेत.)

एकेक सुटी काडी आम्ही तिघांनी मोडली. मग मोळी आली. थोरले दादा कचेरीत कारकून. त्यांनी दात आवळले, मोळी हलली नाही. नानाभाऊनं जोर लावला, त्याच्या सदऱ्याची शिवण उसवली. मला तर हरायचंच होतं, म्हणून मी दोघांपेक्षा जास्त कण्हलो.

"पाहा," बाबांनी मोळी आपल्यापुढे ठेवली, "एकत्र राहिले तं कोणी मोडू शकत नाही." नानाभाऊ मान खाली घालून बसला. घर वाचलं असं मला वाटलं.

तेवढ्यात माझी बायको कुसुम पदराला हात पुसत आतून आली. तिनं बाबांच्या समोरून मोळी उचलली, उंबरठ्याला तिरपी लावली आणि वर पाय दिला. मोळी एका दणक्यात मोडली.

"सूनबाई, हे काय केलं वं?"

"चायचं आधण ठेवाचं हाये, मामाजी."

"पण हे मोळी मोडत नसते!"

"काहून नाही मोडत? दहा वर्षं झाले, रोज सकाळी मोडून राहिली मी. चौदा जणांचा सैपाक दोन काड्यांवर होते काय?"

थोरल्या वहिनींचे गुडघे दुखत, नानाभाऊच्या बायकोला धूर सोसत नसे, हे सगळ्या घराला पाठ होतं. कुसुमला काय होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

ती माझ्याकडे वळली. "भाऊजी निघून राहिले तं आपणही निघू. मले चार जणांची चूल पुरे."

मी नवऱ्याच्या आवाजात म्हणालो, "तू आत जा." ती गेली, मोडलेल्या काड्या घेऊन. थोड्या वेळानं चौदा जणांचा चहा बाहेर आला आणि आम्ही तो मुकाट्यानं प्यायलो. बाबांनीही घेतला, फक्त तिच्याकडे पाहिलं नाही.

दोन महिन्यांत एका घराच्या तीन चुली झाल्या. बाबा चार-चार महिने एकेकाकडे राहू लागले. नातवंडांना ते मोळीची गोष्ट सांगत, पण तिघे भाऊ हरले की तिथंच थांबत. आम्ही भाऊ आता लग्नकार्यात भेटतो आणि जेवण झालं की घड्याळ पाहतो. त्या दिवशी बाजारात गेलो असतो तर, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. बांबू असता तरी कुसुमनं तो कोयत्यानं फोडला असता, हे मला ठाऊक आहे.

वेगळ्या खोल्यांतल्या पहिल्या सकाळी मला फार लाज वाटली. म्हटलं, "आज चूल मी पेटवतो." एक तुराटी घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडली, तिचं कुसळ तळहातात रुतलं. मग अर्धी आगपेटी संपवली. शेवटी कुसुमनं कुसळ काढलं, चूल पेटवली आणि चहा केला.

बाबा बरोबर होते. सुटी काडी कोणीही मोडू शकतो. मला त्यासाठी फक्त अर्धा तास आणि एक बायको लागली.