पाकळी उजवीकडे पडली

आधी त्या बाईचे नाव घ्यायला हवे. पण नावे लिहायची नाहीत, म्हणून मावशीच म्हणतो. सातवीत शाळा सुटलेला मी पुढे मोठेपणी घाटावरून येऊन गोव्याच्या पोलिसात लागलो. पेडणे तालुक्यातल्या आमच्या चौकीसमोर तिचे घर. तापाने पडलो तेव्हा तिने स्वतः पेज आणून पाजली. "मेलंस तर हंय तुझ्यासाठी रडतलो कोण रे घाट्या?" म्हणाली.

ती केस अजून माझ्या अंगावरून उतरत नाही. काजूच्या हंगामात बागेत एका गड्याचा खून झाला. डोक्यात कोयत्याचे घाव. पंचनामा झाला, कोयता मिळाला नाही. गडी सिंधुदुर्गातला. त्याची बायको पोरांना घेऊन आली आणि चौकीच्या पायरीवर बसून राहिली.

मावशीने आपणहून येऊन सांगितले, "भर दुपारी मालकाचो पुतण्यो बागेतून भायर पडलो. अंगावरचे कपडे वल्ले. माका बघून तोंड फिरवल्यान." गड्याशी त्याचे आदल्या दिवशीच भांडण झालेले.

साहेबांनी त्याला बोलावले. म्हणाला, पेडण्याच्या बाजारात होतो.

"गेलास कसा?"

"बशीन."

"त्या दिवशी बस बिघडून म्हापशालाच उभी होती."

त्याने पाणी मागितले. मग व्हाळावर कपडे धुणाऱ्या दोघींनीही त्याला पाहिल्याचा जबाब दिला. आम्हाला वाटले, केस उभी राहिली.

तेवढ्यात गावकऱ्यांनी देवाला कौल लावला. पुतण्या निर्दोष असेल तर उजवी पाकळी दे. मूर्तीला लावलेली उजवीकडची पाकळी पडली. मी बंदोबस्ताला तिथेच होतो. लोकांच्या तोंडावर भक्ती कमी, सुटका जास्त दिसली. दुसऱ्या दिवशी त्या दोघी म्हणाल्या, लांबून पाहिले, कोण ते कळले नाही.

मावशीला समजवायला वडीलधारे आले. "देवापेक्षा तुका जास्त दिसता?"

"देवाक मिया खोटो म्हणणंय नाय. पण डोळे तेंनीच दिले मां माका?"

एकटीच्या जबाबावर काही झाले नाही. फाईल बंद झाली, गड्याची बायको पोरे घेऊन परत गेली. त्या वर्षी मावशीच्या शेतात लावणीला एकही बाई आली नाही. शेत पडीक राहिले. ती डिचोलीला लेकीकडे गेली ती कायमची. पुतण्या पुढे देवस्थानच्या कमिटीवर बसला. मेला तेव्हा बाजार बंद ठेवला होता.

पुढे नोकरीत बरेच साक्षीदार पाहिले. गुन्हेगाराला घाबरलेला माणूस धीर दिला की बोलतो. शेजाऱ्यांना घाबरलेला बोलत नाही. त्याला आम्ही कसले संरक्षण देणार? लावणीला माणसे पोलीस थोडीच पुरवतात!

मावशी आता फार थकली आहे. डिचोलीहून फोन आला की ती बरी आहे ना, हेच मी आधी विचारतो. नोकरीत तोंड बंद ठेवावे लागले, आता निवृत्त झालो, तो धाक नाही. एका जत्रेला, सारा गाव देवळासमोर जमला असताना, मी उभा राहून सांगेन की हिचा जबाब खरा होता. तेव्हा ती माझ्या शेजारी खुर्चीत बसलेली हवी. मावशी, तोवर दम धर.