पहिली, शेवटची आणि आपल्या माणसाची

राजय्या अण्णा आज सकाळी गेले. माझी सगळ्यात मोठी चूक त्यांनी पकडली होती आणि कुणालाच सांगितली नव्हती.

म्हणून आज मीच सांगतो.

सोलापुरातली एक गिरणी बंद पडली होती. कामगारांची सगळी माहिती कपाटाएवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर. ती साध्या पीसीवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

अण्णा त्या मशीनचे ऑपरेटर, पहिल्या दिवसापासूनचे. मी नुकताच कोर्स करून आलेला, अंगात वारं शिरलेलं.

दुपारी फाईल ट्रान्सफर झाली. जुनं मशीन न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो गेटवर उभाच होता.

"झालं अण्णा. एकपण एरर नाही. करा बंद."

"एरर न्हाय म्हंजे बरोबर हाय, आसं कुणी सांगितलं?"

त्यांनी पहिली नोंद काढायला लावली. बरोबर.
शेवटची. तीही बरोबर.

"आता आपल्या मानसाची काढ."

म्हणजे त्यांच्या आईची. अम्मा त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायची.

पीसीवर कामाला लागल्याची तारीख आली, २ नोव्हेंबर.

अण्णांनी स्क्रीनवरच्या तारखेवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाले, "संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत वडील गेले. जत्रा उटली आन् अम्मा कामावर गेली. नोव्हेंबर कुटला?"

जुन्या मशीनवर होतं ११/०२. अकरा फेब्रुवारी.

माझ्या पीसीची सेटिंग अमेरिकन. त्यानं महिना आधी वाचला. जिथं तारीख बाराच्या आतली, तिथं सगळी उलटापालट. पहिली आणि शेवटची नोंद बाराच्या पुढच्या तारखेची होती; तेरावा महिना नसतोच, म्हणून त्या तेवढ्या वाचल्या.

नोकरीचे चार-आठ महिने कमी भरले म्हणून किती बायकांची पेन्शन अडली असती, याचा आजही विचार करवत नाही. आणि खरी तारीख बघायला मशीनच उरलं नसतं.

टेम्पो परत पाठवला. गिरणीचे साहेब चिडले, तेव्हा अण्णा म्हणाले, "मशीन लई जुनं हाय की साहेब, दमतंय. दोन दिवस लागतील अजून."

दोष मशीनवर घातला. माझं नावसुद्धा घेतलं नाही.

दोन दिवसांनी, फाईल पुन्हा उतरवल्यावर, अम्माची तारीख नीट दिसली. मगच त्यांनी स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं.

अजूनही कुणी नोकरीचा दाखला मागायला आलं की ती फाईल माझ्याकडेच येते.

आज स्मशानातून आल्यावर उगाचच उघडली. पहिली नोंद बघितली. शेवटची बघितली.

मग आपल्या माणसाची काढली. तुमची.

सगळं बरोबर आहे, अण्णा.

निघा आता.