मिठावरची चाकं

खारेभाऊंचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि मेहुण्यावर तर मुळीच नव्हता. खारं तळं आणि त्याच्या काठचं मिठाचं मैदान यांचे फोटो काढण्यात उभी हयात गेली, म्हणून त्यांचं नाव खारेभाऊ पडलं. फोटो मासिकांत छापून येत. कुठं काढला असं कुणी विचारलं, की भाऊ सांगत, "पाण्याजवळ."

तसं कारणही होतं. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, एका टेकाडामागं रोहित पक्षी चिखलाची घरटी बांधत. घरट्यागणिक एकच अंडं. गलका झाला, की सगळा थवा उठतो, आणि बिथरला तर अंडी टाकून कायमचा जातो. ती जागा एकट्या भाऊंना ठाऊक होती. मिठाच्या पापुद्र्यावर उमटलेली खूण पाऊस येईपर्यंत पुसली जात नाही, म्हणून ते जीप लांब रस्त्यावर ठेवत आणि काठच्या उथळ पाण्यातून अनवाणी चालत जात. तळव्यांना भेगा पडत. बायको मलम लावता लावता चार शब्द सुनावून घेई.

मेहुण्याचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम. भाऊ त्याला पाठीमागं 'हसा-आता' म्हणत. यंदा या हसा-आतानं लांब पल्ल्याची लेन्स घेतली.

"नवरीचं नाक काय मैलभरावरून टिपणार आहे हा?" भाऊंनी बायकोला विचारलं.

"त्याची लेन्स, त्याचे डोळे. तुम्हाला काय करायचंय?"

बायकोनं इतक्या चटकन भावाची बाजू घेतली, तेव्हाच भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. पुढं मेहुणा जेवायला आला, तर बुटांच्या कडांना पांढरं काहीतरी. तो हात धुवायला गेल्यावर भाऊंनी बोट लावून चाटून पाहिलं. मीठच.

"कुठं गेला होतास रे?"

"इथंच, भाऊजी." बहीणभावांनी एकमेकांकडं पाहिलं. मग मेहुण्यानं साळसूदपणे विचारलं, "यंदा पक्षी आलेत का?"

"कसले पक्षी?" भाऊ म्हणाले. कुठंतरी पाणी मुरतंय यात त्यांना आता शंकाच उरली नाही.

गुरुवारी भाऊ मुद्दाम स्टुडिओवरून गेले. शटर खाली. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "कॅमेरा घेऊन तळ्याकडं गेलेत."

भाऊंचं डोकंच फिरलं. पाण्यातून चालत जायचं म्हणजे अर्धा दिवस, तोवर हा डाव साधून मोकळा. त्यांनी जीप काढली आणि सरळ मैदानात घातली. पापुद्रा कुठं पक्का आणि कुठं खालचा चिखल गाडी गिळतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. वळणं घेत टेकाडापर्यंत पोचले, गाडी अलीकडं सोडून पोटावर सरपटत वर गेले आणि दुर्बीण लावली. पक्षी निवांत बसले होते. माणूस एकही नाही. खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण भाऊंना चोर सापडला नाही याचाच राग आला. त्या रागातच ते परतले. मागं काय राहिलं, हे बघायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

रविवारी रात्री मेहुणा आला आणि खाली मान घालून खुर्चीत बसला.

"भाऊजी, लग्न ठरलेल्या जोडप्यांना मी मिठावर नेतो, फोटोसाठी. अलीकडच्या काठावर. लेन्स त्यासाठीच घेतली. तुम्ही थट्टा कराल म्हणून बोललो नाही. ताईला माहीत होतं." तो थांबला. "आजच्या जोडप्याला आणखी आत जायचं होतं. मी नेलं नसतं हो, चिखल कुठं आहे मला काय ठाऊक? पण चाकांच्या खुणा दिसल्या. ज्यावरून गाडी गेली, त्यावरून आपलीही जाईल म्हटलं. दोन गाड्या भरून माणसं, मोठ्यानं गाणी. टेकाड ओलांडलं आणि सगळे पक्षी एकदम उठले. आम्ही लांब जाऊन दिवस मावळेपर्यंत थांबलो. एकही परतला नाही."

'मला ठाऊकच होतं' हे भाऊंच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथंच विरलं.

"अंडी?"

"तशीच उघडी."

"पण तिथं गाडी घातली तरी कोणी?" बायको म्हणाली.

"तेच ना, ताई. भाऊजींनी त्याला हुडकून काढलंच पाहिजे."

"माझी गाडी होती ती," भाऊ म्हणाले. "तुझ्यावर पाळत ठेवायला गेलो होतो. गुरुवारी."

मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको, भाऊजी. माझी चूक झाकायला स्वतःवर आळ घेऊ नका. पायाची सालटी निघेपर्यंत पाण्यातून चालणारा माणूस तिथं जीप घालेल, हे शेंबडं पोरही मानणार नाही."

भाऊंनी पुन्हा सांगितलं. शपथ घेऊन सांगितलं. बायकोनं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं इतक्या अभिमानानं पाहिलं, की लग्न झाल्यापासून तिनं तसं कधी पाहिलं नव्हतं.