शेवटचा जोड

माझ्या यानात चार हजार माणसं राहत होती आणि त्यांच्यासाठी मी स्मशान ठेवलं नव्हतं. ही चूक बाबांनी काढली.

मी वाशीमला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आरेखक आहे. खेड्यांच्या नळयोजनांचे नकाशे काढते. टाकी कुठे बसेल, उतार किती हवा, माणशी किती पाणी लागेल, असं सगळं. घरी आल्यावर दुसरे नकाशे काढते, ज्यांच्यावर कुठल्याच साहेबाची सही लागत नाही. गेली काही वर्षं मी अंतराळातल्या लांबलचक कथा लिहिते. दर आठवड्याला एक भाग, मोबाइलवर वाचला जातो. यानं, ग्रह, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भांडणं. ऑफिसात कोणाला माहीत नाही. बाबांना माहीत आहे, कारण प्रत्येक भाग आधी त्यांनाच वाचून दाखवते. कामरगावला त्यांनी आयुष्यभर पोस्टमनकी केली. आता त्यांची नजर अधू झाली आहे, म्हणून माझ्याकडे राहतात.

त्या दिवशी ते खाटेवर बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "बाई, हे यान दोनशे वर्सं चालते म्हनतं. मंग यात मरत असतीनच ना कोणी?"

"मरतात ना, बाबा."

"मंग मसनवटा कुठी हाये? तू मले सगळं वाचून दाखवलं. शेती कुठी, शाळा कुठी, इंजिन कुठी. मसनवटा काई आला नाही."

मी म्हटलं, बाहेर सोडून देत असतील. अंतराळात.

"सगळ्याईले? का फक्त खालच्या मजल्यावरच्याईले?"

बाबांच्या लहानपणी आमच्या लोकांची विहीर वेगळी होती आणि जाळायची जागाही वेगळी होती, नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर मढं घेऊन काठावर बसून राहावं लागे. त्यांनी ते कधी रडून सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही. फक्त म्हणाले, "गाव खरं का खोटं, हे त्याच्या पान्यावरून अन् मसनवट्यावरून समजते. चौक अन् रस्ते तं कोनीबी काढते."

मी आठवडाभर नकाशा पुन्हा काढत बसले. तळाशी, पाण्याच्या टाक्यांच्याही खाली, एक लांब थंड गल्ली काढली. तिथे प्रेतं ठेवायची आणि वर्षातून एकदा दार उघडायचं. गल्ली कागदावर आली आणि माझं यान बदललं. मग प्रश्न सुरू झाले. तिथे दिवा कोण लावतं? दिवा जळत असेल तर कोणासाठी? वरच्या मजल्यावर जेवणाऱ्या माणसाला आपल्या पायाखाली काय आहे हे ठाऊक असतं का? याआधी मी काढलेल्या यानांत मला कधी भीती वाटली नव्हती. आता भर दुपारी टेबलावर तो कागद उघडा ठेवून चहा करायला उठायचं, तरी मी तो आधी उलटा करून ठेवत असे.

तरीही काहीतरी खोटं वाटत होतं. कागदावर भिंतीला जाडी नसते. मला वाटलं, पत्र्याचं एक लहानसं यान करून हातात धरलं तर कळेल. मंगरूळपीरच्या एका वेल्डरचाचांचं नाव मी ऑफिसात ऐकलं होतं. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, आणि एक भुवई ठिणग्यांनी कायमची गेलेली. पाण्याच्या आणि तेलाच्या टाक्या बांधण्यात सगळा जन्म गेला. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान.

माझं काम ऐकून ते हसले नाहीत. नकाशा घेतला, उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे चारी बाजूनं बंद हाये?"

"हो. हवा बाहेर जायला नको."

"मंग शेवटचा जोड कोन मारते?"

मला कळलं नाही.

"पाहा मॅडम. टाकी बांधताना एक पत्रा शेवटचा राह्यते. तो भायेरून जोडला तं आतून कच्चा राह्यते. आतून जोडला तं पक्का होते, पन जोडनारा आतच राह्यते. म्हनून आमी भोक ठेवतो, मानूस निंघन एवढं. तुमच्या यानाले भोक नाही. म्हंजे ज्यानं शेवटचा जोड मारला, तो अजूनबी आतच हाये."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. पत्र्याचं यान राहूनच गेलं, पण मी बसने वाशीमला आले तेव्हा तो माणूस माझ्याबरोबर आला होता. शेवटचा जोड मारून हातातलं यंत्र खाली ठेवणारा, आणि मग चारी भिंतींकडे बघणारा. कथेत मी त्याला लगेच घेतलं. पण त्याला काय ऐकू येत असेल, वास कसला येत असेल, हे मला लिहिता येईना.

दोन आठवड्यांनी चाचांचाच फोन आला. गावाबाहेरची एक जुनी तेलाची गिरणी मोडायचं काम त्यांना मिळालं होतं. "टाकी हाये तिथं. सात-आठ वर्सं झाली, बंदच. मी धुवून, दोन दिवस पंखा लावून मोकळी केली. आतून पाह्याची असन तं या. मंग कापून टाकू."

रविवार होता. सकाळी अकराच्या सुमारास मी पोहोचले. ऊन कडक, पण ढगही फिरत होते. गिरणीच्या आवारात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. टाकी दोन मजली घराएवढी उंच, गोल, गंजून विटकरी झालेली. तळाशी माणूस वाकून जाईल एवढं भोक आणि शेजारी त्याचं जाड लोखंडी झाकण. चाचांनी आधी स्वतः आत जाऊन वास घेतला, पेटती वात नेऊन पाहिली, मग अंधार व्हावा म्हणून टाकीच्या वरच्या तोंडावर हवेपुरती फट ठेवून पोतं टाकलं.

"झाकन फकत टेकवतो," ते म्हणाले. "बोल्ट लावत नाही. तुमी ढकललं तं पडन. पाच मिन्टं. त्याच्या वर नाही."

मी आत गेले. झाकण टेकलं.

अंधार होईल हे मला माहीत होतं. अंधाराला आकार असेल हे माहीत नव्हतं. जुन्या तेलाचा खवट वास आधी नाकात होता, मग जिभेवर आला. मी एक पाऊल टाकलं तर ते पाऊल भिंतीवरून फिरून माझ्या मागून आलं. मी श्वास सोडला तर कोणीतरी वर, छताजवळ, श्वास सोडला. मी दम रोखून धरला. वरचा श्वास थोडा उशिरा थांबला.

मी मनात वाक्यं जुळवत होते. हेच लिहायचं, असंच लिहायचं. तेवढ्यात ठोके आले.

ठक, ठक, ठक. लोखंडावर लोखंडाचे, सावकाश. मग शांतता. मग पुन्हा तीन. मला वाटलं चाचा बाहेरून वेळ झाल्याची खूण करताहेत. पण आवाज भोकाच्या बाजूने नव्हता. माझ्या समोरून येत होता, छातीच्या उंचीवरून. मी अंदाजाने चालत गेले आणि भिंतीवर तळहात ठेवला. पुन्हा तीन ठोके आले, आणि ते माझ्या हाताला कळले.

मी झाकण ढकलून बाहेर आले. उजेडाने काही दिसेना. चाचा समोर नव्हते. आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला हौदापाशी हात धूत होते. मला पाहून पंच्याला हात पुसत आले.

"इतल्या लवकर?"

"तुम्ही ठोकलं ना?"

"मी कायले ठोकू? मी तं तिकडं होतो."

"कोणीतरी ठोकलं, चाचा. त्या बाजूने."

पंचा त्यांच्या हातात तसाच राहिला. "किती?"

"तीन. मग थांबून तीन. मग परत तीन."

ते टॉर्च घेऊन वाकले आणि आत शिरले. मी भोकाशी उभी राहिले. आत त्यांची पावलं फिरत होती, एक पूर्ण गोल, मग दुसरा. नंतर त्यांनी आतून एकदाच, हलकेच ठोकलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. उत्तर आलं नाही. मग मी बाहेरून टाकीभोवती फेरी मारली. दुसऱ्या बाजूला कमरेएवढं वाळलेलं गवत होतं, एक काडीही वाकलेली नव्हती.

चाचा बाहेर आले आणि एका उलट्या डब्यावर बसले. मी माझ्या परीने सांगू लागले. ढग आला की पत्रा गार होतो, ऊन आलं की तापतो, आकसतो, फुगतो, त्याने आवाज येतात. आमच्या ऑफिसच्या लोखंडी टाक्यांनाही येतात. मी आकडेसुद्धा सांगितले असावेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी म्हनता तसंच असन," ते म्हणाले. "तवा मीबी हेच म्हटलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. विशीत ते एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकत होते. दूरच्या एका कारखान्यात टाकीला आतून रंग द्यायचा होता. उस्ताद आत, हे बाहेर. दोघांची भाषा ठरलेली होती. एक ठोका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सामान दे. तीन म्हणजे मला बाहेर काढ.

"दुपार होती. असंच ऊन, असेच ढग. मी सावलीत बसलो होतो. तीन ठोके आले. मले वाटलं, लोखंड बोलून राह्यलं. तापलं की बोलते ते, उस्तादनंच शिकवलं होतं मले. परत तीन आले. मी म्हटलं, गार होऊन राह्यली टाकी. मंग नाही आले."

त्यांनी आत डोकावलं तेव्हा उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. ठोकायचा पाना हातात होता. रंगाच्या वाफेने माणूस बसतो आणि पुन्हा उठत नाही, एवढंच चाचा म्हणाले. कारखान्याने अपघात म्हटलं, घरच्यांनी नशीब म्हटलं. ठोक्यांबद्दल त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"तुमी तीन म्हटलं, तवा मले वाटलं, बरं झालं. या खेपेले कोनीतरी भायेर निंघालं."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. थर्मासमधला चहा आम्ही एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायलो. टाकी समोर उभी होती. ढग येत होते, जात होते, आणि ती अजिबात आवाज करत नव्हती.

त्या महिन्यात मी यान मुळापासून पुन्हा रचलं. बंद जागा पुष्कळ ठेवल्या, कारण अंतराळात त्या लागतातच. पण प्रत्येक बंद जागेच्या बाहेर एक माणूस बसवला. त्याचं काम एकच, भिंतीला कान लावून ऐकणं. त्याला दुसरं काही करायची परवानगी नाही. डुलकी नाही, गप्पा नाहीत. 'लोखंड बोलतंय' असं म्हणायचा अधिकार त्याला नाही. आवाज कशाचाही असो, दार उघडायचं. यानावर या लोकांना कानदार म्हणतात, आणि तळातल्या त्या थंड गल्लीच्या दाराशीही एक कानदार बसतो. वाचकांनी सर्वांत जास्त पत्रं त्याच्याबद्दल पाठवली. एकाने विचारलं, मेलेल्यांच्या दाराशी ऐकणारा कशाला?

कानदारांचा हा भाग टाकायच्या आधीच मी तो मंगरूळपीरला जाऊन वाचून दाखवला होता. दुकानात मशीन बंद करून, हात मांडीवर ठेवून चाचांनी ऐकला. शेवटी एवढंच म्हणाले, "त्या मानसाले बाकीचे फुकटखाऊ म्हनत असतीन. तेबी लिवा." मी ते तिथेच, त्यांच्या बाकड्यावर बसून लिहिलं. ते वाक्य जसंच्या तसं भागात गेलं.

टाकी कापली त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं. मी गेले तेव्हा शेवटचा पत्रा ट्रकवर चढत होता. टाकी होती तिथे जमिनीवर एक मोठं वर्तुळ उरलं होतं, काळं, तेलकट, गुळगुळीत. भोवतीचं गवत अगदी कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. ट्रक निघाल्यावर चाचांना पलीकडे पडलेली केबल आणायची होती. सरळ गेले असते तर वीस पावलं. ते वर्तुळाच्या कडेकडेने, सगळा वळसा घालून गेले आणि तसेच परत आले. मीही फाटकाकडे जाताना तसाच वळसा घातला.